रेणूचा उन्हाळी झगा

धारवाड,
सोमवार, ९ एप्रिल १९७९

प्रिय शालू,

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज लिहायला बसतेय. रागावली असशील. रागाव बाई, तुझा हक्कच आहे. पण खरं सांगू का, मला नुसतं बसायलासुद्धा मिळालेलं नाही. सासूबाई संक्रांतीपासून अंथरुणावर आहेत. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं आणि वर त्यांची बोलणी खायची, यात दिवस कधी मावळतो कळत नाही. थोरलीला गोकाकला दिल्यापासून हाताखाली कुणी नाही. थकले गं मी. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते.

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. रेणूला मे महिन्यात धारवाडला कधी पाठवू, आणि आता शाळेत नाव घालायचंय तर बापाच्या जागी नाव कुणाचं लावू, ह्यांचं की तुझ्या यजमानांचं, मारुतरावांचं. वाचलं, पत्राची घडी केली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिलं. उत्तर देणार आहे. पण आधी झग्याचं सांगते, ते सोपं आहे.

तर झग्याची गंमत ऐक. तू मापाचा दोरा पाठवलास ना, गाठी मारलेला? पाकीट फोडलं, दोरा सासूबाईंच्या चादरीवर ठेवला, तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून आत धावले. परत येते तर शेजारची लक्कव्वा सासूबाईंच्या मनगटाला तो दोरा गुंडाळून गाठ मारतेय! सोलापूरहून पाकीट, त्यात गाठींचा दोरा, म्हणजे सिद्धरामेश्वराचा प्रसादच, दुसरं काय असणार? सासूबाईंनी डोळे मिटून हात कपाळाला लावला. मी सांगायला गेले तर बेड, बेड, नको, नको म्हणत त्यांनी हात पदराखाली लपवला. आणि कमाल बघ, त्या दिवशी दोन महिन्यांनी त्यांनी अर्धी भाकरी मागून खाल्ली. आता कुठल्या तोंडाने सांगू की अहो, हा तुमच्या नातीच्या झग्याचा दोरा आहे? तूही कुणाला बोलू नकोस.

मग त्यांचा डोळा लागला की दुपारी हात मांडीवर घेऊन मी माप काढलं. मनगटाचा एक वेढा टेपने मोजला, सहा इंचालाही कमीच भरला, हाडं नुसती. पहिल्या गाठीपर्यंत जवळजवळ चार वेढे, म्हणजे उंची बावीस. तिथून दुसऱ्या गाठीपर्यंत छाती, जवळपास तेवढीच. तिसरी गाठ खांद्याची, ती आणखी दीड वेढ्यावर. दोनदा मोजलं, कारण विश्वास बसेना. गेल्या वर्षीचा झगा वीस इंचांचा होता गं. पोरगी दोन इंच वाढली आणि मला ते म्हातारीच्या मनगटावर कळलं. मग जरा रडले. सासूबाईंना जाग आली, त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठीच रडतेय, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

कापड ह्यांनीच आणलं, सुभाष रोडवरच्या त्यांच्या दुकानातलं कटपीस. पांढऱ्यावर बारीक पिवळी फुलं, वायल आहे, अंगाला हवा लागेल. आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि काखेत काचतं. कन्नड पेपर कापून नमुना केला. बाह्या लावल्या नाहीत. सोलापूरचं ऊन मला माहीत आहे. गळा गोल, मागून दोन टिचबटणं. छातीशी सरळ पट्टी आणि खाली चुण्या, फार दाट नाहीत, नाहीतर पोर भोपळ्यासारखी दिसते. बाजूला दोन बंद आहेत, ते मागे नेऊन सैल फुलगाठ मार. तू सगळं आवळून बांधतेस, माझी वेणीसुद्धा तशीच घालायचीस. खाली दुमड हातानेच घातलीय, मशीन ऐनवेळी दोरा तोडायला लागलं. दोन टाके तिरके गेलेत, ते दिसले तर माझ्या डोळ्यांना दोष दे.

आणि हे बघ, त्याला खळ घालू नकोस. आतून पातळ पांढरा पेटीकोट घाल, नाहीतर उन्हात उभी राहिली की पाय दिसतील. केसांना लाल रिबीन नको, पिवळीच शोध किंवा नुसत्या दोन वेण्या घाल. काजळाची तीट गालावर लावतेस ती कानामागे लाव, आता मोठी झाली. बाहेर जाताना पायात काहीतरी घालत जा तिच्या. हे सगळं तुला येतं, मला ठाऊक आहे. सांगितल्यावाचून राहवत नाही, एवढंच.

गेल्या मेची एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. परसात दगडाला अडखळून रेणूचा गुडघा फुटला. मी भाकरी टाकून धावले, उचलायला वाकले, तर तिने मला दोन्ही हातांनी ढकललं आणि रस्त्याकडच्या दाराकडे बघून आई आई म्हणून हंबरडा फोडला. त्या दारातून तू येशील असं वाटलं असेल तिला. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. काविळीत मी मरायला टेकले होते तेव्हा आठ महिन्यांची ती पोर तू उचलून नेलीस, चार महिन्यांसाठी म्हणून. मी उठून चालायला लागेपर्यंत ती तुझी झाली होती. तुझ्या पोटी काही नव्हतं, मला मागवेना. मागच्या वेळी गाडी सुटताना तिने मला हात केला, तेव्हा तुझ्यावर जळले मी. तेही आज लिहून टाकते.

इकडे ह्यांचं वेगळंच चाललंय. म्हणतात, आजारपणात सांभाळायला दिली होती, दत्तक नव्हती दिली. आता तू बरी आहेस, आपली पोर आपल्याकडे हवी. यात खोटं काय आहे, सांग? त्यांचाही तिच्यावर जीव आहे, कापडाचे सहा तागे उलगडून हे एक निवडलंय त्यांनी. पण पुढे म्हणतात, आईच्या उशाशी बसेल, पाण्याचा तांब्या देईल, तुलाही हात होईल, शाळेचं पुढच्या वर्षी बघू. तुझ्या वेळी आई अंथरुणाला खिळली आणि मला चौथीतून काढलं, तेव्हाही अप्पा असंच म्हणाले होते, पुढच्या वर्षी बघू म्हणून. तुला कडेवर घेऊन मी शाळेच्या कुंपणाशी उभी राहायचे. तू मॅट्रिक झालीस तेव्हा पेढे मी वाटले. मला हात हवाय शालू, खोटं कशाला बोलू, रोज संध्याकाळी हवासा वाटतो. पण तो पाच वर्षांच्या पोरीचा नको.

आता नीट वाच. शुक्रवारी हे दुकानाच्या चादरींच्या खरेदीला सोलापूरला येताहेत. तुला कळवायचं नाही, असं मला बजावलंय. येताना रेणूला घेऊन येणार आहेत. म्हणून हे पत्र झग्यासकट आज लक्कव्वाच्या हाती टपालात टाकतेय, बुधवारी तुला मिळेल. मिळाल्याबरोबर रेणूला हा झगा घाल आणि शाळेत जा. बापाच्या जागी मारुतरावांचं नाव लाव, आईच्या जागी तुझं. शिक्का मारलेला कागद घेऊन ठेव. जन्मभर दुकानात काढलेला माणूस आहे, कागदावर लिहिलेलं ते खोडणार नाहीत. आले की आधी जेवायला वाढ, पोटभर जेवू दे, मग कागद दाखव. चिडतील, तुला नाही बोलणार, मला बोलतील. ते माझं मी बघते. यंदा तिला मेमध्ये पाठवू नकोस, परत पाठवायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. आणि शालू, आजपासून तिला मला मावशी म्हणायला शिकव.

तुझीच,
अक्का