अर्धं आटेपर्यंत

४ फेब्रुवारी

सूनबाईला सातवा लागला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. लेकाचा फोन — आधी त्या विहिरीच्या पाण्याचं बघ, चांगलं मशीन बसव. म्हटलं, तेच पाणी पिऊन तू ताडमाड वाढलास की! हसला. पण हेका सोडला नाही.

६ फेब्रुवारी

मशीनवाला येऊन गेला. बोलण्यात पटाईत. पाण्यात पेनासारखं काहीतरी बुडवून आकडा दाखवला आणि तोंड असं केलं, जणू आम्ही आजवर जिवंत कसे! तीन प्रकार सांगितले. एक दिव्याचं, ते जंतू मारतं. दुसरं क्षार काढणारं, भांड्यांवर पांढरे डाग पडू देत नाही. तिसरं आरओ — बारीक पडद्यातून पाणी दाबून काढतं, पण निम्म्याहून जास्त वाया घालवतं.

मला दिव्याचंच पटलं. तीस वर्षं नर्सची नोकरी केली, डोळ्यांच्या वॉर्डात का होईना. जंतू हा आपला जन्माचा वैरी. हे म्हणाले, दिवा कशाला, तू उकळतेसच. खरंय. या घरात तान्ह्याला मी कधी कच्चं पाणी जाऊ दिलेलं नाही.

संध्याकाळी पंपवाला मोटर दुरुस्त करायला आला. टेबलावरची पत्रकं बघून म्हणाला, "बाई, दुखणं न बघताच औषध घेता होय? आधी पाणी तपासा." नर्सला ऐकवून गेला! पण बरोबर बोलला.

११ फेब्रुवारी

पाण्याची बाटली प्रयोगशाळेत दिली. तिथल्या बाई शांत, नाकावर चष्मा. विहिरीजवळ काय काय आहे, विचारलं. कुंपणापलीकडे शेत आहे, खताची पोती तिथेच पडलेली असतात. आमची शौचाची टाकी वीस पावलांवर. त्या लिहीत गेल्या. घरात तान्हं बाळ आहे का? म्हटलं, येणार आहे. पूर्वी कधी होतं?

मी नाही म्हणाले.

का 'नाही' म्हणाले?

१२ फेब्रुवारी

होतं. चिमी. दिराची मुलगी, अडीच महिन्यांची. तेवीस वर्षं झाली.

१८ फेब्रुवारी

अहवाल मिळाला. जंतू जवळजवळ नाहीतच. नायट्रेट एकशे बारा. पंचेचाळीसच्या आत हवं.

बाई म्हणाल्या, खतातून, मैल्यातून झिरपतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्यांना सहसा लगेच कळतही नाही. पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. ओठ, नखं राखाडी पडतात, मग निळी.

मी विचारलं, "उकळून दिलं तर?"

"उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं आणि हे तेवढंच उरतं. म्हणजे आणखी दाट होतं."

मी तेच पुन्हा विचारलं. पेशंटचे नातेवाईक विचारतात तसं. त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये बसून राहिले. आपला थांबा गेला. त्याच्या पुढचाही गेला.

१९ फेब्रुवारी

लिहून काढते.

धाकट्या जावेला बाळंतपणानंतर ताप आला होता, दूध आटलं. माझा लेक अंगावर प्यायलेला; चिमीला मात्र डब्याच्या पावडरीचं दूध सुरू केलं. पाण्याचं काम मी कुणाला करू दिलं नाही. मोठी जाऊ, त्यात नर्स. अर्धं आटेपर्यंत उकळायचं, हा माझा दंडक. धाकटी एकदा म्हणाली, ताई, उकळी आली, आता पुरे की. तिला गप्प केलं.

चिमीचे ओठ राखाडी दिसायला लागले. मी म्हटलं, थंडी आहे. आणखी एक स्वेटर चढवला. रोग्यांचे डोळे पारखण्यात जन्म गेला आणि घरातली पोर दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धाकटीच्या शेजारी निपचित होती.

दुपारी सासूबाईंना स्वयंपाकघरात मी म्हटलं, "झोपेत अंगाखाली आली असेल." एवढंच. नर्सचा शब्द! सासूबाईंनी तो घरभर नेला, घरातून गल्लीत गेला. धाकटीच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त तिच्या हातात कुणी आपलं मूल देईना.

आठ महिन्यांनी भाऊजी तिला घेऊन दुसऱ्या गावी गेले. तेव्हापासून लग्नाकार्याला भेट, तीही उभ्या उभ्या.

२१ फेब्रुवारी

पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी खदखदायला लागलं आणि मी अंगणात पळाले. हे विचारतात, काय झालं. काय सांगू!

हात धुताना स्वतःची नखं बघते. माझी गुलाबी आहेत.

२२ फेब्रुवारी

पाण्याचे जार मागवले. दुपारी डुलकी लागली तर कुशीत ऊब होती. जागी झाले, उशी होती. ती कपाटात टाकली. मग कपाटाचं दारही उघडवेना.

२४ फेब्रुवारी

आमच्या इस्पितळातल्या बालरोगतज्ज्ञांना भेटले. 'ओळखीतल्या एका बाईंचं बाळ' म्हणून सांगितलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्री कुणीच देऊ शकणार नाही, तेव्हाचं पाणी कुणी तपासलंय? पण तुम्ही सांगता त्यावरून तसंच वाटतं. निघताना म्हणाले, "त्या बाईंना सांगा, त्यांना माहीत नव्हतं." नजर माझ्यावरच होती.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. उठून आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "गाडलेली मढी उकरून काय मिळणार? मशीन बसव आणि गप्प राहा." वाईट नाहीत ते. घाबरलेत.

२७ फेब्रुवारी

मशीनवाला परत आला, पुन्हा दिव्याचंच गुणगान. मी अहवाल पुढे ठेवला. याने नायट्रेट निघतं? कागद वाचला, मग म्हणाला, नाही. क्षारवाल्याने? तेही नाही. मग जे काढतं तेच द्या. आरओ ठरलं. वाया जाणारं पाणी झाडांना.

पंपवाल्याने जोडून दिलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बजावलंय — मशीन बसलं म्हणजे झालं असं नाही, गाळलेलं पाणी तपासायला आणा. पुढेही तपासत राहा. तोवर जारच.

६ मार्च

गाळलेल्या पाण्यात चौदा. लेक खूश. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही किती करता माझ्यासाठी!

फोन ठेवला आणि एकशे बाराचा कागद पिशवीत घातला.

९ मार्च

न सांगता गेले. भाऊजींनी दार उघडलं. धाकटी मटार सोलत होती. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याआधी.

अहवाल तिच्यापुढे ठेवला. पाण्याचं सांगितलं, आटवण्याचं सांगितलं. मग ते वाक्यही. ते पहिल्यांदा कोण बोललं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तेवीस वर्षं ती सासूबाईंचं समजत होती.

मला वाटलं होतं, ओरडेल. हात उगारेल. तयारीने गेले होते.

तिने एवढंच विचारलं, "म्हणजे, माझ्या अंगाखाली नव्हती ती?"

"नाही."

डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. मी दिली.

तिने कागद तीनदा वाचला. आकड्यावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "तुम्ही आता जा."

भाऊजी थांब्यापर्यंत आले. म्हणाले, चिमीनंतर मुलगा झाला तेव्हा हिने त्याला एक दिवस जवळ घेऊन झोपवलं नाही. तो पलंगावर, ही जमिनीवर. पाच वर्षं. बस आली तशी माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि मागे वळून न बघता गेले.

१५ मार्च

तिकडून काहीच नाही.

१९ मार्च

सूनबाई आली. पोट केवढं! माझा हात धरून पोटावर ठेवायला गेली. मी काहीतरी सांगून आत गेले.

२२ मार्च

धाकटीचा फोन. "बाळंतपणाला मी येते. बाळाला मी सांभाळीन. तुम्ही त्याच्या दुधाला, पाण्याला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "बरं."