बेल्ट लावलेला नव्हता

ओझर, जि. नाशिक
९ फेब्रुवारी २०१६

ती. अवधूतदादास,
चैत्रालीचा शि. सा. न. वि. वि.

तू मागितलेलं मुखत्यारपत्र नोटरी करून पाठवत आहे. शेजारचे गोविंदराव सुट्टी संपवून दोह्याला निघालेत, त्यांच्याच हाती पाकीट देते. फोनवर काही बोलता येत नाही. फोन वाजला की सासूबाई खुर्ची ओढून जवळ बसतात, मग मी सगळं छान आहे एवढंच म्हणते.

छान काही नाही, दादा. यांचा डावा पाय गेलाच. उजव्याचा अंगठा हलतो, तो हे दिवसातून वीस वेळा हलवून बघतात. तिसऱ्या मजल्यावरून पडून वाचले हेच नशीब, असं भेटायला येणारे सांगतात आणि चहा पिऊन जातात. पंधरा वर्षं उंचावर वेल्डिंग केलेला माणूस आता पलंगाच्या कडेला सरकायला घाबरतो.

कंपनीचा कागद अरबीत आहे. गोविंदरावांनी तो कुणाकडून वाचून घेतला. भरपाईच्या जागी शून्य आहे म्हणे. कामावर पडलेल्या माणसाला शून्य कसं? तू तिथे सेफ्टी ऑफिसर, तुला यातलं कळतं. पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं मला समजावून सांग.

वल्लरीवहिनींना नमस्कार. तेजश्रीने या वेळी तरी मराठीत दोन ओळी लिहाव्यात, नाहीतर आत्या इंग्रजी शिकून भांडायला येईल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी
चैत्राली

फरीज बिन ओमरान, दोहा
४ मार्च २०१६

चि. सौ. चैत्रालीस,
अवधूतचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मुखत्यारपत्र पोचलं. वकिलातीच्या शिक्क्यासाठी दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत काम होईल, इन्शाल्ला.

तू विचारलंस ते सांगतो. कामावर असताना माणूस दगावला तर इथल्या कायद्याने एक ठरावीक रक्कम द्यावी लागते. माणूस अपंग झाला, तर डॉक्टरांची समिती किती टक्के अपंगत्व आलं ते ठरवते आणि त्या रकमेचे तेवढे टक्के त्याला मिळतात. संपतरावांना समितीने सत्तर टक्के लिहिले आहेत. त्यावर वाद नाही. दुखणं, रडणं, उरलेलं आयुष्य यांचा हिशेब त्यात धरत नाहीत. फक्त टक्के.

मात्र कामगाराने मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला असेल, तर काहीच देणं लागत नाही. अपघाताच्या अहवालात लिहिलं आहे की संपतरावांनी सेफ्टी बेल्ट तारेला अडकवलेला नव्हता. म्हणून शून्य. यावर लेबर डिपार्टमेंटकडे तक्रार करता येते आणि मी ती करणार आहे. पण फार आशा धरू नकोस. अशा प्रकरणांत कागद बोलतो.

इथे वर्ल्डकपची हॉटेलं उठताहेत, रोज नवी तारीख आणि रोज नवी घाई. तेजश्री बरी आहे. तिने ‘आत्या मी येणार’ असं लिहिलं होतं, पण कागद सापडत नाही.

काळजी घे, आणि भावावरचा जीव कमी करू नकोस.
अवधूत

ओझर
२७ मार्च २०१६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मग यांना वाचून दाखवलं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले की बेल्ट अडकवलेला होता. वर गेल्यावर पहिलं काम तेच करायचं, हात आपोआप तिकडे जातो. ज्या तारेला बेल्टाचा हूक अडकवतात, तिचा क्लॅम्पच सुटला आणि तारेसकट हे खाली आले. पडताना तार अंगावर आलेली त्यांना आठवते.

मग बेल्ट नव्हता असं लिहिलं कोणी? मी विचारलं तर म्हणतात, जाऊ दे, विषय वाढवू नकोस. दादा, हे असं जाऊ देणारे नाहीत. रेशन दुकानदाराने पावशेर साखर कमी दिली होती, तर त्याच्याशी भांडून घेऊन आले होते.

तू त्याच साइटवर आहेस. अहवाल लिहिणारा माणूस कोण ते तुला सहज कळेल. त्याला भेट. त्यालाही घरी बायको-मुलं असतील, आई असेल. माझ्या वतीने त्याच्यापुढे हात जोड आणि सांग, एवढं एक वाक्य बदल. घाबरला असेल तर धीर दे. तुला माणसांशी बोलता येतं.

मी शिलाईची कामं घेतलीत. ब्लाउज बरे जमतात, पण गळ्याची पट्टी अजून वाकडी येते. आई असती तर उसवायला लावली असती.

तुझ्यावरच सगळा भरवसा आहे, तो जपशील.
चैत्राली

दोहा
१५ एप्रिल २०१६

चि. चैत्राली,

आशीर्वाद लिहिणार होतो. हात धजला नाही.

तो माणूस मी आहे.

रोज काम सुरू होण्याआधी ती तार वर जाऊन तपासायची आणि फॉर्मवर सही करायची, हे माझं काम. त्या दिवशी बाहेरून पाहुणे साइट बघायला येणार होते. मॅनेजर सकाळपासून यल्ला, यल्ला करत घाई लावत होता. मी वर गेलोच नाही. खाली उभा राहून सही केली. तासाभरात संपतराव पडले.

त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेल्यावर मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवलं. तो ओरडला नाही. म्हणाला की तार सुटली असं लिहिलंस तर सही तुझी आहे, पोलीस तुला नेतील, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय तुला देश सोडता येणार नाही. बेल्ट लावलेला नव्हता असं लिहिलंस तर खलास, प्रकरण मिटलं. मला तेजश्रीची शाळा दिसली, घराचं भाडं दिसलं. मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे ते वाक्य.

संपतराव माझे मेहुणे आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. एका साइटवर नातेवाईक चालत नाहीत, म्हणून मीच त्यांना नातं सांगायचं नाही असं बजावलं होतं. ते एशियन टाउनजवळच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचे आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. हॉस्पिटलमध्ये मी त्यांना महिनाभर चमच्याने भरवलं. सांगायला तोंड उघडायचो आणि पुढचा घास द्यायचो.

तुझं पत्र आल्यापासून मी त्या माणसासमोर हात जोडून बसलो आहे. तो आता ते वाक्य बदलेल. लेबर डिपार्टमेंटमध्ये तक्रार नोंदवली आहे, कोर्टात साक्ष देईन.

कसल्या लोभाची मागणी करू?
अवधूत

ओझर
२ मे २०१६

अवधूतदादा,

पत्र यांना वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझं तोंड बघून यांनीच मागून घेतलं. वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, मला माहीत होतं.

हॉस्पिटलमध्येच कळलं होतं त्यांना. तू भरवताना डोळ्यांत बघत नव्हतास म्हणून. नंतर कंपनीच्या माणसाने कागद दाखवला, त्याच्यावर तुझी सही होती. मला का नाही सांगितलं असं विचारलं, तर म्हणाले, "तुझा एकच भाऊ आहे."

मला त्या क्षणी तुझा आला नाही एवढा राग यांचा आला. तुम्ही दोघांनी माझं माहेर वाचवलंत. मला कोणी विचारलं? रोज यांची लघवीची पिशवी रिकामी करते ती मी. सासूबाईंना पोरगा चालेल म्हणून खोटं सांगते ती मी. पुरुषांनी आपसात मोठेपणा केला आणि तो निस्तरते आहे मी.

साक्ष दे. ती दिल्याशिवाय मला लिहू नकोस.
चैत्राली

दोहा
२० नोव्हेंबर २०१६

चि. चैत्राली,

साक्ष दिली, म्हणून लिहितो आहे.

कोर्टात दुभाष्या होता. मी सगळं सांगितलं. तार, सही, केबिन, वाक्य. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, जखमी माणूस तुमचा कोण? मी म्हणालो, बहिणीचा नवरा. तो खाली बसला.

निकाल काल लागला. अपघाताच्या दिवशी लिहिलेला अहवाल ग्राह्य, कारण तेव्हा साक्षीदाराचा स्वार्थ दिसत नव्हता. नंतरची साक्ष नातेवाइकाची, भरपाई मिळावी म्हणून बदललेली. ती तार आणि क्लॅम्प भंगारात गेले, दुसरा पुरावा नाही. दावा फेटाळला. माझं म्हणणंच मानलं नाही, म्हणून माझ्यावर गुन्हाही नाही. अपील करता येतं. वकील म्हणतो, करू नका.

खोटं लिहिलं तेव्हा मी कोण हे कुणी विचारलं नाही. खरं बोललो तेव्हा पहिल्यांदा विचारलं. आणि मी तेव्हाही खरंच सांगितलं.

कंपनीने काढून टाकलं. बाहेर जाण्याची परवानगी मात्र लगेच दिली, माझं इथे असणं त्यांना नको आहे. वल्लरीला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, तिला साक्षीच्या आदल्या दिवशी कळलं. ती तेजश्रीला घेऊन पुण्याला गेली. रिकाम्या घरात मी सामान बांधतो आहे. डिसेंबरअखेर देश सोडायचा आहे. कुठे जायचं ते ठरत नाही.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तुझ्या पदरात टाकायला माझ्याकडे शून्यच आहे.
अवधूत

ओझर
३० नोव्हेंबर २०१६

अवधूतदादा,

निकाल यांना सांगितला. हे संध्याकाळी जेवले नाहीत, एवढंच.

अपील करू नकोस. दर तारखेला आशा धरून बसायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.

तू इकडे ये. माफ केलं असं समजू नकोस. करता येईल का ते मला माहीत नाही, आणि तू विचारूही नकोस. पण हे दहा महिने घराबाहेर पडलेले नाहीत. अंगणात तीन पायऱ्या आहेत. खुर्चीसकट यांना उचलून उन्हात न्यायला दोन माणसं लागतात, आणि इथे मी एकटी आहे.

चैत्राली