सोवळं

१७ जून २००३
आज ह्यांनी सोवळं नेसून पूजा केली. ह्यांनी! मामंजी सोवळ्यात असले की मुद्दाम न्हाल्यावाचून देवघरात जाऊन खडीसाखर पळवणारा माणूस. धोतर स्वतः धुतलं, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीने उंच दांडीवर टाकलं. मी चहा द्यायला गेले तर मागे सरकले. "शिवू नकोस."
मुंबईच्या ऑपरेशनला सात महिने झाले. प्रोस्टेटची गाठ गेली, जीव वाचला. मन कुठेतरी लागतंय, तर मी कशाला बोलू?

२४ जून
शेजारचे आप्पा आले होते, ह्यांचे चुलतभाऊ. ओटीवरूनच सुरुवात — "काय गो मालिनी, ह्या नास्तिकाला काय चावलं? डॉक्टरने गाठ काढलीन, तिथे देव बसवलान की काय?"
हे हसले, आणि हसताहसताच आत गेले. परत आले ते उभेच. आप्पांनी झोपाळ्यावर जागा केली तरी बसले नाहीत. "सोवळ्यात आहे." दुपारचे चार वाजले होते.

२ जुलै
पावसात धोतरं वाळत नाहीत. एका दिवसात चार धुतली. मोरीत डेटॉलचा वास.
मला इतके दिवस कसं कळलं नाही? खोकलं, हसलं की ह्यांना अजून लघवीचे थेंब गळतात. आधी गोदा कपडे धुवायला यायची तेव्हा हे आपले कपडे कपाटामागे लपवत. सोवळ्याच्या वस्त्राला गोदा हात लावणार नाही, मीही नाही. चारदा अंघोळ केली तरी कुणी विचारणार नाही. उलट गावात नाव होतंय.

३ जुलै
कालचं अर्धंच लिहिलं. सोवळं गोदासाठी नाही, माझ्यासाठी आहे.
फेब्रुवारीत एकदा आम्ही जवळ आलो होतो. काही झालं नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. मी म्हटलं, "राहू दे." मायेने म्हटलं, की मलाही सुटका हवी होती? प्रामाणिकपणे सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी अंथरूण ओटीवर नेलं.
मला तेवढंच हवं होतं का? नाही. पाठीवर हात हवा होता. वर्तमानपत्र वाचताना पायाला पाय लागायचा, तो हवा होता. हे कसं मागतात? कॉलेजात मुलांना अर्थशास्त्र शिकवते, आणि एवढं वाक्य जमत नाही.

९ जुलै
देवरूखहून वैदेहीचा फोन. "ताई, नशीबवान हो तू. नवरा विरक्त झालाय. आमच्याकडे बघ, पन्नाशी आली तरी सुटका नाही!" मी हसले. मग ताक घुसळत बसले, लोणी येऊन गेलं तरी.

२२ जुलै
मुंबईला तपासणी. रक्ताचा रिपोर्ट चांगला.
डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "बाकी ठीक? संबंध वगैरे? गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. लाजू नका."
हे भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाले, "ते सोडलंय. पूजापाठ असतो. हिलाही नको असतं."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सचा बंद घट्ट करत राहिले. परक्या पुरुषासमोर 'मला हवं असतं' म्हणायचं? म्हटलं नाही. म्हणजे ह्यांच्या म्हणण्याला होकारच दिला.
हातखंब्यापर्यंत एसटीत दोघांच्या मध्ये पिशवी.

२९ जुलै
सांगून टाकावं का, मला सगळं माहीत आहे म्हणून? मग ह्यांना लपायला काय राहील? अंगावरचं एकुलतं वस्त्र ओढल्यासारखं होईल. न सांगावं, तर असंच म्हातारं व्हायचं, दोन हात अंतर ठेवून.

५ ऑगस्ट
श्रावणात सत्यनारायण घालायचं आप्पांनी ठरवलंय, हे बरे झाले म्हणून. माझ्या मनात आज एक गोष्ट आली, इतकी साधी की स्वतःचाच राग आला. सोवळ्यातल्या माणसाला सोवळ्यातलं माणूस शिवू शकतं.

१० ऑगस्ट
सासूबाईंचं रेशमी लुगडं काढलं. न्हाऊन नेसले. ह्यांनी पाहिलं. मी ह्यांच्या उजवीकडच्या पाटावर बसले.
भटजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."
लावला. किती वाळलाय हा हात! पळीतलं पाणी ताम्हणाबाहेर सांडलं. भटजींनी दुसरा मंत्र धरला. हात काढायचं मी विसरले, असं दाखवलं. ह्यांनीही दाखवू दिलं.
संध्याकाळी पुन्हा "शिवू नकोस."

१४ ऑगस्ट
सकाळी देवघरातून हाक. "मालिनी, नेसून ये." भटजी नव्हते. दोन पाट मांडलेले. ह्यांचं धोतर थेंबांनी भिजलं होतं, तरी बदललेलं नव्हतं.
"हात लाव," म्हणाले.