शेवटच्या माणसाची हाक

१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिलेत, मनातून आलेले नाहीत.

ह्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काल काढावी लागली. बर्फाने पार काळी पडली होती. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी आधी विचारलं ते बूट कुठे आहेत म्हणून. मी ते कचऱ्यात टाकलेत, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

तुझं काम ते काय होतं? खिंडीच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून यायचं, वाट कळावी म्हणून काठ्यांना बांधलेल्या नारिंगी फिती सोडत यायचं, आणि मागे कुणी उरलं नाही ना ते बघायचं. फिती सगळ्या आणल्यास. माणूस तेवढा वर राहिला. धुक्यात ह्यांना एकही फीत दिसेना, भलत्याच घळीत उतरले आणि रात्रभर तिथेच कुडकुडत बसले. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची ही गत, मग परक्याचं काय करत असशील?

स्पर्धेच्या समितीकडे मी तक्रार केली आहे. तुला त्या वाटेवरून काढा आणि वरचा मुक्कामाचा निवाराही काढून घ्या, असं स्वच्छ लिहिलंय. आमच्या दारात येऊ नकोस.

कळावे. लोभ होता, तो संपला.
ताई

२३ ऑक्टोबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. माझा मनापासूनचा आहे, घे नाहीतर ठेव बाजूला.

समितीने निवाऱ्याची किल्ली काढून घेतली. बैठकीत निकाल लागेपर्यंत काम बंद. माझं पोट त्या वाटेवर आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच नेमका तिथे घाव घातलास.

आता माझं ऐक. तळ्याकाठच्या नोंदीच्या तंबूत मला सांगितलं की तुझे कासवराव केव्हाच पुढे गेलेत. खिंडीच्या अलीकडे दगड रचून केलेला आडोसा आहे, वारा सुटला की धावणारे तिथे टेकतात. तिथे थांबून मी ‘ओ कासवराव’ अशी खणखणीत हाक मारली, एकदा सोडून दोनदा. उत्तर नाही. पुढेच असतील म्हणून फिती सोडत उतरलो. खाली पोचलेच नाहीत हे कळल्यावर परत वर कोण गेलं? घळीतून पाठुंगळी कोणी आणलं? तुझ्या समितीने?

परत वर जाताना आडोशापाशी त्यांचा एक हातमोजा मिळाला. आतल्या अंगाला नाही, मागे, वाऱ्याच्या तोंडाला. तिथे शहाणा माणूस बसत नाही. ते तिथे काय करत होते, त्यांनाच विचार.

आणि सर्वेक्षण कचेरीत दिवसभर डोंगरांचे नकाशे काढणारा माणूस फितीवाचून हरवतो, हेही समितीला कळव. त्या उंचीवर तरण्याताठ्यांना चार पावलांत धाप लागते. पन्नाशीत ही हौस कुणी सांगितली होती?

तुझ्याकडून लोभ मागत नाही. न्याय तरी असावा.
तुझा धाकटा

५ नोव्हेंबर

धाकट्यास,
आशीर्वाद ह्या वेळी नाहीत.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. हातमोजा वाऱ्याने उडत नाही होय? तरी विचारलं मी. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आजारी माणसाला छळायला तू मला कामाला लावलंस.

हौस कुणी सांगितली विचारतोस? तूच. लग्नात सावकाश जेवले म्हणून कासवराव हे नाव ठेवलंस, आणि तेव्हापासून पोराटोरांपुढे, व्याह्यांपुढे, सगळीकडे तेच. ते हसून घेतात म्हणून तुला वाटतं त्यांना गंमत वाटते. मी औषधाचं दुकान उघडायला निघायच्या आधी हा माणूस आमच्या इमारतीचे जिने चढून-उतरून घामाघूम झालेला असायचा. तुझं ते हसणं एकदाचं बंद व्हावं, एवढ्यासाठी.

कळावे असंही म्हणवत नाही. तुला कळायचं नाही.
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
पालथ्या घड्यावर पाणी. समितीची बैठक ठरली आहे, तुलाही बोलावतील. जे बोलायचं ते तिथे, चारचौघांत बोल.
धाकटा

१७ नोव्हेंबर

धाकट्यास,

बैठकीला मी येणार नाही. तक्रार मागे घेतली आहे. हुरळून जाऊ नकोस, पुढे वाच.

रविवारी ह्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ भेटायला आले. त्यांचा आवाज जिन्यात ऐकला आणि हे लंगडत न्हाणीघरात शिरले, आतून कडी. मला खोटं सांगावं लागलं की दवाखान्यात गेलेत. गृहस्थ चहा पिऊन, गप्पा मारून सावकाश गेले. आतून खोकल्याचासुद्धा आवाज नाही. कडी निघाली तेव्हा हे उलट्या बादलीवर बसलेले, जखमेचा पाय थंडगार फरशीवर. तेव्हा मला तो तुला सापडलेला हातमोजा आठवला.

मी एवढंच विचारलं की त्याची हाक ऐकू आली होती का. आली होती म्हणाले. शेवटून पहिला आलो हे त्याला दिसू नये, तो पुढे जाऊ दे, मग निघू, असं ठरवून ते मागे बसले. निघेपर्यंत धुकं आलं आणि फिती गेल्या. मग म्हणाले, त्याने भावोजी म्हणून हाक मारली असती तर मी बाहेर आलो असतो.

मी तिथेच रडले. मग चिडले, ह्यांच्यावर आणि तुझ्यावर सारखीच. दोघांनी मिळून घालवलीत ती बोटं. समितीकडून किल्ली घे. घरी मात्र बोलावत नाही.

ताई

२९ नोव्हेंबर

ती. भावोजींस,
साष्टांग नमस्कार.

हा शब्द लिहायला हात अडत होता, सवय नाही. किल्ली मिळाली. आता आडोशाला आधी वळसा घालून बघतो, मग हाक मारतो.

ताईने तुमचे बूट टाकले, त्याच मापाचे आणलेत. डाव्यात पुढे कापूस भरावा लागेल. ते द्यायला येत्या रविवारी येतोय. ताई आत घेणार नाही, म्हणून खाली फाटकाशी उभा राहून हाक मारेन. जी मारायला हवी होती, तीच.

लगेच यायला हवं असं नाही. सावकाश या. तुम्ही येईपर्यंत मी पुढे जाणार नाही.

आपला मेहुणा