शनिवारचा कवितेचा तास

सोलापूर, ७ जुलै २०२४

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. मानसशास्त्राच्या टिपणांचं मराठी तपासून द्या म्हणालीस, म्हणून लाल पेन घेऊन बसलो आणि पहिल्याच पानावर डोकं फिरलं. माणसाचा स्वभाव पाच-सहा वर्षांपर्यंत घडून जातो, असं तुमचे ते व्हिएन्नाचे डॉक्टर म्हणतात. मग मी जन्मभर पाचवीपासून पुढं काय शिकवलं? भाजून झालेल्या मडक्यावर हात फिरवत बसलो की काय?

इदम्, अहम्, पराहम् ही त्रयी मात्र आवडली. एक मागतो, एक दटावतो, मधला दोघांची समजूत काढतो. माझ्या वर्गात दर बाकावर असे तिघे असायचे. मन दुखू नये म्हणून स्वतःशीच लबाडी करतं, तुम्ही त्याला संरक्षण यंत्रणा म्हणता, तेही पटलं. तुझ्या आजीत सगळ्या सापडतील.

शाळेत माझा शनिवारचा कवितेचा तास चालू आहे. निवृत्तीनंतर तेवढंच उरलंय. पण हल्लीची मुलं कविता म्हणत नाहीत, पुटपुटतात. पूर्वी वर्ग एका सुरात म्हणायला लागला की कौलावरची कबुतरं उडायची. मुख्याध्यापिका महेश्वरीबाईसुद्धा पुटपुटतात, त्यांना काय बोलणार? शेजारचे यंत्रमागही चैत्रापासून बंद पडलेत. त्या खडखडाटावर मी मुलांना ताल शिकवला. गल्ली मुकी झाली, पोरी.

फोन करू नकोस. फोनवर तूही पुटपुटतेस.

लोभ आहेच, अक्षर तेवढं सुधार.

तुझा आजोबा,
रामहरी

---

पुणे, १३ जुलै

ती. आजोबांना शि. सा. न. वि. वि.

लाल शाईने भरलेली पानं मिळाली. माझे सर म्हणाले की एवढे ऱ्हस्वदीर्घ त्यांनाही येत नाहीत.

आता रागावू नका. टिपणात 'प्रक्षेपण' आहे ना? आपली उणीव सोसवत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या माथी मारायची. मुलं, बाई आणि मी, सगळे एकाच वर्षी कसे पुटपुटायला लागलो? एकदा कान तपासून घ्या. बाबा येऊन घेऊन जातील.

आजीला नमस्कार. तुमची माया अशीच रागासकट राहू द्या.

आरोही

---

सोलापूर, २१ जुलै

चि. आरोहीस आशीर्वाद, नाइलाजाने.

तुझं शास्त्र म्हणजे मोठी सोय आहे. मी हो म्हटलं की कबुली. नाही म्हटलं की 'नकार'. कारण दिलं की 'समर्थन'. आजीवर ओरडलो की 'विस्थापन', गप्प बसलो की 'दमन'. म्हणजे मी काहीही लिहिलं तरी मार्क तुलाच! अशी प्रश्नपत्रिका मी काढली असती तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

आणि माझे कान कसे आहेत ते ऐक. काल शिवानी नावाची मुलगी नुसते ओठ हलवत होती. तिला उभं केलं, वर्गाला दम भरला. त्यानंतर मुलांनी नदीची कविता अशी म्हटली की काय सांगू! मी डोळे मिटून टेबलावर ठेका धरला. एक मात्रा हलली नाही. शेवटी मीच टाळ्या वाजवल्या. बहिऱ्या माणसाला हे ऐकू येतं का, तुझ्या सरांना विचार.

तुझा (तपासणी न केलेला) आजोबा

---

सोलापूर, २३ जुलै

चि. आरोही, आशीर्वाद.

हे भाजीला गेलेत तवर लिहिते. मला तुमच्यावानी शुद्ध जमत न्हाय, लाल पेन लावू नको.

शेजारचे माग बंद न्हाईत गं. सकाळधरनं खडखड चालू हाय, फळीवरची भांडी हालत्यात. सांगायला गेले, तर गल्ली मुकी झाल्याची स्वतः केलेली कविता मलाच म्हणून दाखवली. डोळ्यांत पाणी लई आलं त्यांच्या. मग कुटं बोलू?

काल महेश्वरीबाई घरी आल्या, ओट्यापाशी मला बाजूला घेतलं. ती शिवानी म्हणं सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती. तिला उगंच उभं केलं म्हणून पोरं चिडली. मग सगळ्यांनी ठरवून नुसती तोंडं हलवली. वर्गात चिटपाखराचा आवाज न्हाय, आणि हे डोळे मिटून ठेका धरत्यात, शाब्बास म्हणत्यात. पोरं आधी हसली, मग कुणी हसंना. बाई दारातच होत्या. कान दाखवल्याबिगर पुढं तास देणार न्हाय म्हणाल्या.

तो तास गेला तर ह्यांचं कसं व्हायचं? मी बोलले तर म्हणतील, बजा, तुला कवितेतलं काय कळतं. तू लिही. लिहिलेलं तेवढं ऐकू येतंय की त्यांना.

तुझी आजी, बजाबाई

---

पुणे, २७ जुलै

ती. आजोबांना शि. सा. न.

या पत्रात शास्त्रातला एकही शब्द नाही.

त्या शनिवारी वर्गात कुणीच कविता म्हणत नव्हतं, आजोबा. मुलं फक्त ओठ हलवत होती. महेश्वरीबाईंनी पाहिलं. हे वाचून पत्र फाडलंत तरी चालेल, पण फाडण्याआधी मागच्या खोलीत जा आणि मागांच्या बाजूच्या भिंतीला तळहात लावून उभे राहा.

तुम्ही तास सोडू नये एवढंच मला हवंय.

आरोही

---

सोलापूर, १८ ऑगस्ट

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

मी तुझ्याशी अबोला धरला होता. पत्रात तो कळत नाही, हा या पद्धतीतला मोठा दोष.

भिंतीला हात लावला. थरथरत होती. आजी दारातून बघून गेली, काही बोलली नाही. बोलली असेल तर ऐकू आलं नाही.

तुझ्या बाबाने नेऊन कानाला यंत्र बसवलं. वैताग आहे नुसता. चमचा पडला तरी वीज पडल्यासारखं होतं. आजी इतकी वर्षं पाठमोरी काय पुटपुटते तेही कळायला लागलं. नको होतं कळायला.

काल तास घेतला. शिवानीची सर्वांसमोर माफी मागितली. तिने ती कानाआड केली आणि कविता पुन्हा म्हणू का, एवढंच विचारलं. मुलं म्हणायला लागली आणि मला वाटलं, मी चुकून भलत्याच वर्गात शिरलो. हे आवाज मी कधी ऐकलेलेच नव्हते. मुलं ओठ हलवायची आणि मी त्यांच्या तोंडी माझ्या पहिल्या नोकरीतल्या पोरांचे सूर घालायचो. त्या पोरांना आता नातवंडं असतील. ही मुलं बारीक म्हणतात, घोगरं म्हणतात. कुणाला तेलुगू हेल, कुणाला कानडी. शिवानीचा आवाज तर जात्यासारखा जाडाभरडा.

फार चिडचिड झाली. घरी येऊन यंत्र काढून ठेवलं, डोळे मिटले, तर जुना वर्ग लगेच हजर, मात्रा न चुकता. याला तुमच्यात नाव असेलच. कळवू नकोस.

पुढच्या शनिवारी यंत्र लावूनच जाणार आहे. तिसऱ्या कडव्यात शिवानी मागे पडते. नेमकी कुठे, ते अजून सापडलेलं नाही.

भांडत राहा, पण लिहीत राहा.

तुझा आजोबा,
रामहरी