उताराचं सीलर आणि दाराची कडी

तीर्थस्वरूप विहीणबाईंस,

तुम्ही वयाने दोन वर्षांनी मोठ्या म्हणून नमस्कार, आणि मी मुलाकडची म्हणून तो फार वाकून नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? व्याह्यांचा खोकला गेला, की अजून त्यांच्याआधी तोच खोलीत येतो? मी ठणठणीत आहे. दात कमी झालेत, जीभ होती तेवढीच आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली, त्यामुळे ओळी ओळंब्यात नाहीत, सांभाळून वाचा. फोनच करणार होते, पण फोनवर तुमचे जावईबापू, म्हणजे माझा लेक, शेजारी येऊन उभे राहतात आणि माझं वाक्य माझ्या आधी संपवतात. (तेही चुकीचं संपवतात.)

तर पहिली बातमी ही की आज पंधरावा दिवस, मी घराबाहेर पडलेली नाही. पडू दिलेलं नाही. रोज चार वाजता कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दुकानदाराशी तासभर भांडायचं, एवढंच माझं उरलेलं काम. तेही बंद आहे. दाराला वरच्या अंगाला नवी कडी बसली आहे, माझा हात पोचत नाही अशा बेताने. आणि याच्या मुळाशी, रागावू नका, तुमचे चिरंजीव आहेत.

ते बहिणीला भेटायला म्हणून आले तेव्हा एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात डबा. मला वाटलं, काही खायचं असेल. तर ते सीलर निघालं, काँक्रीटमध्ये पाणी मुरू नये म्हणून वरून फासायचं. तुम्हाला ठाऊक असेलच, की गाद्या झाल्या, पाण्याच्या टाक्या झाल्या, आता ते सीलर विकतात. आल्या आल्या चहासुद्धा न घेता ते आमच्या दारापासून गेटापर्यंतच्या उतारावर उकिडवे बसले, काँक्रीटवर हात फिरवला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं जावईबापूंना बाजूला घेतलं. म्हणाले, "हे श्वास घेतंय. पाणी पितंय." जावईबापूंचा चेहरा पडला. जणू त्यांच्या माघारी काँक्रीट काय काय करत होतं ते आज कळलं.

आता हा उतार कोणी ओतला? तुमच्या व्याह्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी. गवंडी माणूस, दुसऱ्यांच्या बंगल्यांचे जिने चढवले आणि स्वतःच्या दाराला चार हात उतार घातला. माल कालवला त्यांनी, घमेली उचलली मी. गेले दोन पावसाळे मी ओरडते आहे, की पाणी भेगेत मुरतं, उन्हात तापतं, फुगतं आणि वरचे पोपडे काढतं, काहीतरी लावा. कोणी ऐकलं नाही. तेच डब्यावर छापून आलं आणि वर उन्हापावसात उभ्या असलेल्या घराचं चित्र काढलेलं असलं, की ते ज्ञान होतं.

जावईबापूंनी रजा टाकली. दोघांनी तारेच्या ब्रशने उतार घासला, पाण्याने धुतला, भेगा भरल्या. इथपर्यंत मला नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्यामुळे मला जरा अस्वस्थच वाटत होतं. पुढे डब्यावर लिहिलं होतं, की पृष्ठभाग पूर्ण सुकू द्या, आणि सुकला का ते पाहण्यासाठी थोडं पाणी शिंपडा. ते मुरलं तर लावायला हरकत नाही. झालं. सकाळी आठला जावईबापूंनी पेलाभर पाणी ओतलं आणि दोघे वाकून बघत बसले. मुरायला वेळ लागला. म्हणजे अजून ओलं आहे, थांबू या. अकराला तुमच्या चिरंजीवांनी ओतलं, कारण जावईबापूंची ओतायची पद्धत चुकली असं त्यांचं म्हणणं. दोनला पुन्हा जावईबापूंनी, कारण मेहुण्याची नजर चुकली असं त्यांचं म्हणणं. पाचला दोघांनी मिळून. असं तीन दिवस चाललं, विहीणबाई. मी खिडकीतून म्हटलं, "अरे, पाणी ओतायचं थांबलात तर सुकेल ते." तुमचे जावईबापू म्हणाले, "आई, तू आत बस, याच्यात शास्त्र आहे." चौथ्या दिवशी दोघांचा धीर संपला, काँक्रीटचा ओलावा तसाच होता, आणि भर दुपारी त्यांनी सीलर लावून टाकलं. डब्यावर म्हणे पातळ थर लिहिला होता. यांनी जाड लावला. घरचं काम आहे, हात कशाला आखडायचा.

संध्याकाळपर्यंत उतारावर साय आली. खरंच साय, पांढरीफट्ट, मध्ये मध्ये बुडबुडे. अडकलेला ओलावा बाहेर यायला बघत होता आणि वरून झाकण बसलेलं. चिरंजीव म्हणाले, सुरुवातीला असं दिसतं. (टाक्यांच्या वेळीही ते असंच म्हणाले होते ना?) सकाळी दव पडलं. जावईबापू ऑफिसला निघाले. दारातून निघाले ते उभे, गेटापाशी पोचले ते बसलेले, आणि मधल्या वेळात जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून शर्टावर जे सांडायचं ते सांडलं होतं. त्यांना उठवायला तुमचे चिरंजीव धावले. ते जास्त लवकर पोचले. दोघे गेटाला पाठ टेकून शेजारी शेजारी बसलेले बघून तुमची लेक आत निघून गेली. ती रडत नव्हती एवढं मी सांगते, बाकी तुम्हीच समजा.

आणि आता न्याय बघा. त्या संध्याकाळी दोघांनी कंबरेला शेक घेत बैठक घेतली, आणि ठरलं काय, तर आईला बाहेर सोडायचं नाही. पडले ते दोघे आणि कडी मला. मी म्हटलं, "मी पडले का?" तर म्हणाले, "पडलीस तर?" या प्रश्नाला जगात उत्तर नाही. पडलीस तर म्हणून माणसाला न्हाणीघरात जाऊ देऊ नये, जेवू देऊ नये, लग्न तर मुळीच करू देऊ नये.

मग पुढचे दोन दिवस दोघांनी थिनर ओतून ती साय खरवडली. घरभर असा वास, की माझं डोकं धरलं आणि शेजारणीचं मांजर यायचं बंद झालं. या खेपेस तीन दिवस उतारावर कोणी पाणी ओतलं नाही, कारण नळ बंद करून त्याची चावी तुमच्या लेकीने स्वतःकडे ठेवली होती. मग पातळ हात दिला. रंग नीट आला, मी डोळ्याने पाहिलं. पण गुळगुळीत तो गुळगुळीतच. मी खिडकीतून सांगितलं, की ओलं आहे तोवर बारीक वाळू भुरभुरा, पायाला धर येईल, आमचे हे असंच करायचे. चिरंजीव हसले. कंपनीने असं सांगितलेलं नाही म्हणाले. आणि दोघे चहा प्यायला कोपऱ्यावर निघून गेले, माझ्याच दुकानात.

तुमची लेक उठली. जिन्याखाली ह्यांच्या वेळची वाळूची पिशवी होती, ती तिने काढली. पिठाची चाळण घेतली. (ती चाळण आता पिठाला चालत नाही, नवी आणली आहे.) उताराच्या कडेला बुटका कठडा आहे, त्यावर बसून ती सरकत सरकत गेटापर्यंत गेली आणि तशीच सरकत परत आली, चाळण हलवत, आणि मी खिडकीतून इकडे जास्त, तिकडे कमी करत होते. शेवटी लांब दांड्याचा रोलर कठड्यावरूनच एकदा फिरवला. एवढी वर्षं ती या घरात आहे, मला तिचे हात इतके नीट चालताना दिसले नव्हते. ती तुमच्यावर गेली असावी. भावावर नक्की नाही.

दोघे परत आले, बोट लावून बघितलं, खरखरीत लागलं. चिरंजीव म्हणाले, धूळ उडून बसली, गेलं काम. दुसऱ्या दिवशी दव होतं आणि ते उभेच्या उभे गेटापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना समोरच्या घरी सांगताना ऐकलं, की हा आमचा खास पकड देणारा प्रकार आहे, मागणी फार. घेऊ दे श्रेय. त्यांचा धंदा चालला तर तुम्हाला तेवढाच निवांतपणा.

पण कडी अजून वरच आहे. जावईबापू आधी म्हणाले, सात दिवस मुरू दे. सात झाले. मग म्हणाले, एक पाऊस बघू. मग लोखंडी कठडा लावू, मग बघू. मी या "बघू"ला भिते, विहीणबाई. सीलरच्या डब्यावर निदान तासांचा आकडा तरी लिहिलेला असतो. माझ्या वयाच्या बाईला एकदा आत ठेवायची सवय घराला लागली, की तिला बाहेर काढायची आठवण एकदाच येते, आणि तेव्हा चौघांनी उचलावं लागतं.

बाकी सर्व क्षेम. व्याह्यांना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची विहीण

ता. क. – एवढं लिहिलं ते तुमच्या चिरंजीवांचं गाऱ्हाणं म्हणून नव्हे. खरं काम वेगळं आहे. तुमचे जावईबापू आईचं ऐकत नाहीत, सासूचं ऐकतात. (सगळे तसेच. आमचे हेही तुमच्यासारख्याच एका बाईचं ऐकायचे.) तेव्हा त्यांना फोन करा आणि सहज बोलता बोलता म्हणा, की म्हातारीला घरात कोंडलं की ती जास्त बोलते. कडी आपोआप निघेल.

ता. क. दुसरा – शाई बदलली आहे, कारण हे दुकानदाराच्या पेनने लिहिते आहे. दुपारी तुमचे जावईबापू आणि चिरंजीव दोघेही घोरत होते. कडी उघडीच होती. कशी, ते मी तुमच्या लेकीला विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. उतारावरून आले, पाय जराही सरकला नाही. पाकीट चिकटवून इथल्याच पेटीत टाकते. तर आता फोनवर कडीचं काही बोलायला नको, उगाच वरची काढून आणखी वर बसवतील. पण फोन मात्र करा. पत्र मिळेल त्या दिवशी दुपारी चार वाजता, म्हणजे माझ्या दुकानाच्या वेळी करा, आणि जावईबापूंना एवढंच विचारा, की तुमची आई कुठे आहे. ते म्हणतील, आत पडली आहे. त्यांना म्हणा, बरं, पडू द्या.