गरम हवेचा नॉब

सोमवार, ३ मार्च
आज पोचले. बरं वाटतंय, हे आधी लिहून ठेवते, कारण आमचे हे गेल्यापासून चार वर्षांत असं वाक्य या वहीत आलेलं नाही. गवताची धावपट्टी, पत्र्याचा एक हँगर आणि त्याला चिकटून माझी खोली. खिडकी उघडली की समोर विमानाचं नाक. दोघांपुरतं, कापडी पंखांचं, जुनं विमान. मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. पूर्वी ते उडायला शिकवायचे. म्हणाले, हे माझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे, पण गुडघे याचेच शाबूत. त्यांच्या बायकोला विचारलं, वहिनी म्हटलं तर चालेल का? म्हणाल्या, म्हणा की, इथे मला हाक मारायला आहे तरी कोण! खूप दिवसांनी कुणासोबत बसून चहा घेतला.

मंगळवार, ४ मार्च
काम लहान, पण चोख हवं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना गारवा तयार होतो. हवा दमट असली तर अंगाला घाम फुटलेला असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. म्हणून धुराच्या नळीभोवती पत्र्याचं वेष्टण असतं. तिथे तापलेली हवा एका लवचीक पाइपातून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेल्या डब्यात येते. डब्यात झडप असते. पायलटने समोरचा नॉब ओढला की तार झडप फिरवते, गार हवा बंद होते आणि गरम आत येते. इथला पाइप चिरलाय, झडपेचा दांडा झिजलाय, तार गंजलीय. सगळं नवं बसवायचं.

हे मी शाळेत शिकले नाही. शाळा सातवीपर्यंतच. आमचे हे विमानांचे मेकॅनिक. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची मॅन्युअलं मी वाचून दाखवायचे आणि ते पडल्या पडल्या माझे उच्चार सुधारायचे. ते गेल्यावर मेकॅनिकची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा रडायला निदान एक कारण मिळालं.

नॉब पुरा बाहेर ओढलेला होता. आत ढकलून ठेवला.

गुरुवार, ६ मार्च
काल आणि आज, दोन्ही सकाळी नॉब बाहेर. कॅप्टनना सांगितलं. म्हणाले, जुनी तार, स्प्रिंगसारखी वागते. पण तार काल दुपारीच मी काढून टाकली आहे. नॉब नुसता फळीत बसवलेला आहे. त्याला ढकलणारं मागे काहीच नाही.

वहिनींनी भाजी निवडता निवडता सांगितलं. चार वर्षांपूर्वी कॅप्टनचा धाकटा भाऊ हेच विमान घेऊन एकटा गेला होता. ढगाळ, दमट सकाळ होती. पलीकडच्या शेतात इंजिन बंद पडलं. विमान फारसं मोडलं नाही, पण त्याच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. तेव्हापासून हे उडालेलं नाही. तपासणीला आलेल्यांना नॉब पुरा ओढलेला दिसला. त्यांनी लिहिलं, पायलटने करायचं ते केलं होतं.

त्याची एकच मुलगी, सगळे तिला धाकटी म्हणतात. बावीस वर्षांची आहे. रविवारी, सोळाला, काका तिला पहिल्यांदा वर नेणार आहेत. त्याआधी विमान उडायला योग्य आहे, अशी माझी सही हवी.

शनिवार, ८ मार्च
जुना डबा बाकावर उघडला. झडप हाताने फिरवून पाहिली.

झडपेचा हात, म्हणजे तार अडकवायची पट्टी, उलटा जोडलेला आहे. नॉब ओढला की गरम हवा बंद होते आणि गार सुरू. म्हणजे तो गरम हवेसाठी ओढत राहिला, आणि जितकं ओढलं तितकं गार झालं. आत ढकलला असता तर वाचला असता. पण कोण ढकलेल? सगळं आयुष्य ओढायलाच शिकलेला माणूस.

अशा जोडणीनंतर इंजिन चालवून नॉब ओढून पाहतात. गरम हवा विरळ, म्हणून इंजिनचे फेरे कमी झाले पाहिजेत. इथे वाढले असतील. ज्याने जोडलं त्याने काटा हलला एवढंच पाहिलं, कुठल्या बाजूला ते नाही. तपासणीवाल्यांनीही नुसता नॉब पाहिला, डबा उघडला नाही.

जुन्या नोंदी काढल्या. जोडणारा कोण, तिथे कॅप्टनची सही आहे.

नोंदवही मिटली. दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतः भात वाढला.

सोमवार, १० मार्च
नवी जोडणी पूर्ण. झडप बरोबर दिशेला फिरते, दहा वेळा पाहिली. दुपारी कॅप्टननी इंजिन चालवलं. नॉब ओढला, फेरे उतरले. ते खूश. मीही.

संध्याकाळी पाच वाजता सहज डब्यात बोट घातलं. इंजिन दोन तास बंद होतं, पत्रा उन्हाने तापलेला. आत बर्फ होता. जाड, पांढरा. बोटाला चिकटला.

बुधवार, १२ मार्च
रोज बर्फ. रोज नॉब बाहेर.

आता सकाळी मी त्याच्याशी बोलते. कळलं रे बाबा, गारठलायस, पण आता बरोबर जोडलंय, म्हणते. वेड्यासारखं आहे. पण दिवसभरात मी सगळ्यात जास्त बोलते ती त्याच्याशीच.

शुक्रवार, १४ मार्च
धाकटी आली. उजव्या आसनावर बसली, हसत होती, मला मावशी म्हणाली. मी बाहेर नाकापाशी होते. तिने आतून ओरडून विचारलं, मावशी, नॉब सैल आहे का, आपोआप येतोय. मग गंमत म्हणून तिने तो धरला.

हात सोडवायला मला धावत जावं लागलं. तिची बोटं पांढरीफटक. ती म्हणाली, धातू फार गार आहे नाही? आणि पुन्हा हसली. तिला काही कळलं नाही. त्याला कळलं असावं — की त्याची मुलगी —

सही कशी करू? नाही केली तर कारण द्यावं लागेल. भूत म्हटलं तर हसतील आणि दुसऱ्या कुणाची तरी सही घेतील. उलटी जोडणी सांगितली तर कॅप्टन उरतील का?

आमच्या ह्यांचा नियम होता, ज्याने काम केलं त्याने आधी स्वतः बसायचं. उद्या सकाळी सगळे गावात आहेत. मी बसते.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ९
शेपटाला दोर बांधला. चाकांना ठोकळे लावले. डाव्या आसनावर बसलेय. इंजिन चालू. तेल तापायला दहा मिनिटं लागतील, म्हणून वही मांडीवर.

मोठ्याने सांगितलं त्याला. मुलीला सोड. तिचं सगळं व्हायचंय. सोबतच हवी असेल तर —

९.१०
नॉब बाहेर येतोय. मी उजव्या हाताने आत धरलाय. डाव्याने लिहितेय, अक्षर लागत नाही.

काच आतून पांढरी झाली.

विमान हललं. दोर बांधला होता मी. दोर बांधला होता —

इंजिनचा आवाज वाढतोय. मी हात लावलेला नाही. गवत मागे जातंय —

स्विच डाव्या बाजूला आहे. पेन्सिल टाकली की डावा हात मोकळा. चिमटीत धरून फिरवायचा, इंजिन बंद. वेळ आहे. अजून आहे.

पण माझ्या उजव्या हातावर हात आहे. आधी बर्फ होता. आता गार नाही. हळूहळू ऊब येतेय त्याला, माझ्यामुळे. टाकते पेन्सिल. एवढं लिहून टाकते, की चार वर्षांत माझा हात असा कुणी